डाव्या दारावरचा ढग

पुंता अरेनासचा वारा रंगाऱ्याच्या उपयोगाचा नाही.
सामुद्रधुनीवरून येतो, पत्र्याखालून शिरतो
आणि ओल्या रंगावर
मेंढीच्या लोकरीचं एक कुसळ ठेवून जातो,
पाहुण्यानं खाऊ ठेवावा तसं.

मी सतरा वर्षांचा होतो, नायारेत,
तुझ्याहून एकानं लहान.
रुपेर्ता ओयार्सोच्या याच गॅरेजात झाडू मारायचो,
टेप फाडून द्यायचो, केटली सांभाळायचो.
ओविदिओ बारियाची पिकअप आली होती,
लोकर कातरणाऱ्यांची टोळी वाहून वाहून दमलेली.
त्याला हिरवा हवा होता. साधा नाही,
चांदीची भुकटी असते तो.

बेसकोट सुकला की मेल्यासारखा दिसतो.
ना चमक, ना खोली.
फडक्यानं पुसलेली पाटी जशी.
नवख्याला वाटतं, बिघडलं.
चमक नंतर येते, दुसऱ्या डब्यातून.

रुपेर्तानं हातावर पातळ पिशवी चढवली,
डोळे मिटले,
छतापासून मागच्या फळीपर्यंत गाडी चाचपली
आणि मला बोलावलं.
"साधा रंग असता तर घास म्हटलं असतं.
हजारचा पेपर, पाणी, साबणाचा एक थेंब,
बोटाचं वजनसुद्धा नको.
पण यात कण आहेत.
ते आडवे निजतात,
माळावरच्या मेंढ्यांसारखे, सगळ्यांची पाठ वाऱ्याकडे.
पेपर फिरवलास की कळप उधळला.
मग वरून पुन्हा एक हात रंगाचा, लांबून, पातळ.
तो दिल्याशिवाय क्लिअर नाही. कळलं?"
कळलं, म्हणालो.
"आणि बघून घे. या रंगाला माणसाचा हात लागतो
तो एवढ्या तासाभरातच.
पुढे मालक धुवेल, पुसेल, टेकून सिगारेट ओढेल,
पण शिवेल ते वरच्या काचेला."

ती थिनर आणायला गेली.
डाव्या दारावर, मुठीच्या खाली,
एक कुसळ.
हात शिवशिवले.
तीन वेळा फिरवला पेपर, चारदा नाही, शपथेवर सांगतो.
चिकट फडक्यानं पुसलं. गुळगुळीत.
काहीच दिसलं नाही.
गन धुऊन टांगली होती मी, रंग कपात तळाशी उरलेला,
पुन्हा कोण काढणार?

"सगळं ठीक?" तिनं मास्क चढवताना विचारलं.
"हो."
क्लिअरचे दोन हात बसले
आणि दार पाण्यासारखं झालं.
मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं,
जुलैतलं, तिरकं, घरात डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखं.
गाडी बाहेर काढली.
मुठीखाली अंगठ्याएवढा ढग.
बाजूनं पाहिलं तर काळा, समोरून पाहिलं तर नाही.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
माझं तर दारावरच पडलं होतं.

रुपेर्तानं दार पाहिलं. मग माझी बोटं.
ओविदिओ गाडीभोवती दोनदा फिरला,
"झकास" म्हणाला, पैसे मोजले.
तिनं त्यातल्या तीन नोटा परत केल्या.
"डाव्या दाराच्या."
त्याला काही कळलं नाही, पण नोटा खिशात घातल्या.
महिनाअखेरीस माझ्या पाकिटात
तीन नोटा कमी होत्या.
मीही काही विचारलं नाही.

बावीस वर्षं झाली.
ती पलीकडे, पोर्वेनीरला, बहिणीकडे राहते.
पिकअप अजून जाते या रस्त्यानं.
मिठानं खालचा पत्रा खाल्ला, बंपर तारेनं बांधलाय,
बॉनेटवरचं क्लिअर सोलून गेलंय, उन्हानं भाजलेल्या नाकासारखं.
डावं दार मात्र जसंच्या तसं.
ढगाला ओरखडा नाही.
इतकं नीट झाकलं होतं तिनं.

नायारेत, थांब.
पेपर खाली ठेव.
आधी सांग, गन धुतलीस का?